मेंढवाड्याच्या छपरावरून



आज बोलायचं आहे एका गायिकेबद्दल, पण सुरुवात मेंढी कापण्यापासून करावी लागणार आहे. शाकाहारी श्रोत्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्यावं.

साल 1997. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, न्यू मेक्सिकोच्या सीमेला चिकटून विंडो रॉक नावाचं गाव आहे. नवाहो लोकांच्या राष्ट्राची ही राजधानी. तिथे दर सप्टेंबरात मोठी जत्रा भरते आणि तिच्याबरोबर ‘मिस नवाहो’ निवडली जाते. आपल्याला सौंदर्यस्पर्धा म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं इथे फारसं काही सापडत नाही. मखमलीचा झंपर, पायघोळ झगा, गळ्यात पिरोजाच्या माळा अशा थाटात मुली येतात आणि त्यांच्या पुढ्यात पाय बांधलेली मेंढी असते. तिचा गळा कापायचा, कातडं न फाटता सोलायचं, आतडी वेगळी करायची. काहीही वाया घालवायचं नाही. ज्या समाजाचं पोट शेकडो वर्षं मेंढीवर चाललं, त्या समाजाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या मुलीला एवढं यायलाच हवं, असा त्यामागचा सरळ हिशेब आहे. मग तळलेली भाकरी करून दाखवायची, आणि शेवटी सर्वांत अवघड भाग: वडीलधाऱ्यांसमोर उभं राहून नवाहो भाषेत प्रश्नांची उत्तरं द्यायची. इंग्रजी शाळेत शिकलेल्या कितीतरी मुलींची गाडी इथे अडते.

ही स्पर्धा 1952 पासून चालू आहे. 1997 ची सेहेचाळिसावी ‘मिस नवाहो’ ठरली रॅडमिला कोडी. मेंढी तिने सफाईने कापली, भाषा तिच्या तोंडात आजीची होती, आणि गाणं तर होतंच. आई नवाहो, वडील आफ्रिकन-अमेरिकन. मिश्र वंशाची ती पहिलीच मिस नवाहो.

मग पत्रं आली. ‘नवाहो टाइम्स’ हे तिथलं महत्त्वाचं वर्तमानपत्र. त्याच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात हा वाद बराच काळ चालला. काहींचं म्हणणं असं की, ही मुलगी नवाहो दिसत नाही, तिने आपल्या दुसऱ्या वारशाकडे जावं. काहींनी उलट लिहिलं: आमच्याही घरात अशी मुलं आहेत, त्यांना आता काय सांगायचं? मला या वादात रस वाटला तो अमेरिकेतल्या वर्णभेदाचं आणखी एक उदाहरण म्हणून नाही. तशी उदाहरणं पोत्याने मिळतात. मला प्रश्न पडला तो असा: नवाहो कोण, हे ठरवायचा नवाहो लोकांचा स्वतःचा कायदा काय होता? आणि पत्र लिहिणारे नेमका कोणाचा कायदा वापरत होते?

हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणतात. दिने म्हणजे माणसं. नवाहो हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. (आपल्या शाळेच्या पुस्तकांत या सगळ्या समाजांना मिळून ‘रेड इंडियन’ म्हटलेलं असायचं. कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि भलतीकडे पोचला. त्याच्या चुकीचं नाव आपण, खऱ्या हिंदुस्थानातल्या लोकांनी, वरून ‘लाल’ रंग लावून पुढे चालवलं. असो.) दिने समाज मातृवंशीय आहे. कुळ आईकडून येतं. दोन दिने माणसं भेटली की नावाआधी किंवा नावापाठोपाठ कुळं सांगतात, एक नाही, चार: आईचं, वडिलांचं, आईच्या वडिलांचं आणि वडिलांच्या वडिलांचं. त्यावरून समोरचा आपला काका लागतो की भाचा हे ठरतं आणि त्या नात्याने हाक मारली जाते. या नात्यागोत्याच्या जाळ्याला आणि त्यातून येणाऱ्या कर्तव्याला त्यांच्या भाषेत ‘के’ म्हणतात.

या कायद्याने पाहिलं तर रॅडमिलाच्या बाबतीत वादाला जागाच नव्हती. तिची आई त्लाश्ची कुळाची, म्हणून ती त्लाश्ची. अर्धी नव्हे, पूर्ण. वडिलांचं कुळ सांगायची वेळ आली तर त्यासाठीही भाषेत शब्द होता: नाकाई लिझिनी. ‘नाकाई’ म्हणजे मुळात स्पॅनिश-मेक्सिकन मुलखाकडून आलेले लोक, ‘लिझिन’ म्हणजे काळा. कृष्णवर्णीय माणसांसाठी दिने भाषेने आपल्याच पद्धतीने केलेलं हे नाव. बाहेरच्याला कुळांच्या गणतीत बसवण्याची ही रीत जुनीच आहे. मेक्सिकन लोकांपासून झालेलं नाकाई कुळ आहे, यूट जमातीच्या लोकांपासून झालेलं कुळ आहे, सतराव्या शतकाच्या शेवटी स्पॅनिश सैन्यापासून पळालेल्या पुएब्लो लोकांपासून झालेलं हेमेस कुळ आहे. नवाहो गालिचे जगभर नावाजले जातात. ती विणकामाची कला पुएब्लोंकडून आली आणि लोकर देणाऱ्या मेंढ्या स्पॅनिशांकडून. पत्रलेखकांना जे ‘शुद्ध’ वाटत होतं, ते सगळं असं पाहुण्यांना घरात घेऊन झालेलं आहे.

मग अर्धं-पाव कुठून आलं? ते वॉशिंग्टनहून आलं. मूळनिवासी कोण हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने रक्ताचा अपूर्णांक मांडला: अमुकात पाव, तमुकात अष्टमांश. तसा दाखला सरकारी खात्याकडून मिळतो. आज नवाहो राष्ट्राचा सदस्य होण्यासाठीही किमान पाव नवाहो रक्त लागतं. म्हणजे या परक्या गणितानेसुद्धा रॅडमिला उत्तीर्ण होती, तीही दुपटीने. तरी पत्रं आली, कारण आक्षेप गणिताचा नव्हताच, कातडीचा आणि केसांचा होता. ज्या समाजाला दीडशे वर्षं रंगावरून मोजलं गेलं, त्याच्या हातात मोजणाऱ्याची फूटपट्टी राहून गेली होती.

मात्र ज्या पोरीवर हा वाद झाला, ती वाढली कुठे ते पाहिलं पाहिजे.

फ्लॅगस्टाफ शहराच्या ईशान्येला, लिटल कोलोरॅडो नदीवर ग्रँड फॉल्स नावाचा धबधबा आहे. उंचीला नायगाऱ्यापेक्षा मोठा. पण वर्षातले बरेच दिवस कोरडा. बर्फ वितळलं किंवा जोराचा पाऊस झाला की चॉकलेटी रंगाचं गढूळ पाणी कोसळायला लागतं, मग पुन्हा खडक. भोवती उघडा माळ. पश्चिमेला सान फ्रान्सिस्को शिखरं दिसतात. दिने लोकांच्या चार पवित्र पर्वतांपैकी पश्चिमेचा तो पर्वत. 1975 साली जन्मलेल्या रॅडमिलाला इथे आजीने वाढवलं. आजीचं नाव डोरोथी कोडी. घरात भाषा एकच, नवाहो. दिवसभराचं काम म्हणजे मेंढ्या वळणं, लोकर पिंजणं. आणि ही मुलगी मेंढवाड्याच्या छपरावर चढून गायची. श्रोते शेळ्या आणि मेंढ्या. पुढे तिने हे अनेकदा सांगितलं आहे: एक दिवस मेंढ्यांऐवजी माणसांसमोर गायचं, एवढीच तेव्हाची महत्त्वाकांक्षा. मेंढ्यांसमोर गाण्याचा एक फायदा मात्र होता. त्या तुमच्याकडे बघून तुम्ही कोण ते ठरवत नाहीत.

तिची ध्वनिमुद्रणं ऐकायची तर आधी त्या समाजात गाणं ही काय वस्तू आहे, ते थोडं कळायला हवं. दिने भाषेत आजार बरा करणाऱ्या विधिकर्त्याला ‘हाताली’ म्हणतात. इंग्रजीत त्याचं भाषांतर ‘मेडिसिन मॅन’ होतं आणि आपण त्याला मांत्रिक, वैदू असं काहीही समजून बसतो. शब्दाचा सरळ अर्थ आहे गाणारा. आजार म्हणजे माणसाचा जगाशी असलेला तोल ढळणं, आणि तोल, सौंदर्य, सुस्थिती या सगळ्यांना मिळून त्यांच्याकडे एकच शब्द: ‘होझो’. तो तोल गाण्याने परत आणायचा. काही विधी नऊ रात्री चालतात. शेकडो गाणी, ठरलेल्या क्रमाने, एकही अक्षर न चुकता. काही गाणी आणि गोष्टी फक्त हिवाळ्यातच, साप आणि अस्वलं झोपलेली असताना. गाणं ही मालमत्ताही असते. ते शिकायला मेंढ्या द्याव्या लागत, आणि ज्याच्याकडे एकही गाणं नाही तो गरीब.

रॅडमिला हाताली नाही, आणि ती गाणी ती मंचावर गात नाही. तिने गायलेली गाणी आहेत सामाजिक नाचगाण्यांच्या धर्तीची: मेंढ्यांवरची, आजीवरची, जमिनीवरची, फिरत्या पावलांची. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. जाहिरातीत ‘गायिका-गीतकार’ असं लिहिण्याची पद्धत आहे, पण तिच्या गाजलेल्या गाण्यांपैकी पुष्कळशी रचली तिच्या मामाने, हर्मन कोडी यांनी. मातृवंशीय समाजात मामा हे मोठं स्थान. गाणं मामाचं, भाषा आजीची, आवाज भाचीचा. एका नावाखाली विकल्या जाणाऱ्या तबकडीवर खरं तर एक घर गात असतं.

आवाज कसा आहे? पातळ, उघडा, किंचित नाकातून येणारा, शेवटच्या स्वराला एक बारीकशी उचकी. नवाहो भाषेत स्वराची उंची बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो, त्यामुळे चाल लावणाऱ्याचे हात बांधलेले असतात. अर्थ सांभाळायचा तर चाल वाटेल तशी वळवता येत नाही. शब्दांच्या मध्ये अर्थ नसलेली अक्षरंही येतात आणि तिथे चाल मोकळी होते. आपल्याला लगेच तराणा आठवतो. तुलना मोहक आहे, पण फसवी. तराण्यात गवयाला मोकळीक असते. इथे ती अक्षरंही ठरलेली, बदललं की गाणं चुकलं. मला स्वतःला तिची ढोलकाव्यतिरिक्त फारशी साथ नसलेली गाणी आवडतात. जिथे तंतुवाद्यं आणि कीबोर्ड येऊन सगळं गुळगुळीत करतात, तिथे माझं लक्ष उडतं. हे माझं मत. तिच्या चाहत्यांना ते पटेलच असं नाही.

ही ध्वनिमुद्रणं केली फिनिक्स शहरातल्या कॅन्यन रेकॉर्ड्सने. या कंपनीची कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे. 1951 साली रे आणि मेरी बोली या दांपत्याने एड ली नाते या नवाहो गायकाचं ध्वनिमुद्रण केलं आणि त्यातून कंपनी उभी राहिली. पुढे कार्लोस नाकाई यांची बासरी त्यांनीच घरोघरी पोचवली. रॅडमिलाचा ‘विदिन द फोर डायरेक्शन्स’ 2000 साली आला, ‘सीड ऑफ लाइफ’ त्याच्या पुढच्या वर्षी. विंडो रॉकहून 1986 पासून चालणारं केटीएनएन हे आकाशवाणी केंद्र आहे. पन्नास हजार वॉटचं, नवाहोत बातम्या, नवाहोत बास्केटबॉलचं धावतं वर्णन. अशा केंद्रामुळे वीज नसलेल्या वाडीतही गाडीच्या रेडिओवर आपल्या भाषेतलं गाणं ऐकू येतं. सत्तर हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख, म्हणजे महाराष्ट्राच्या पावाला थोडा कमी, आणि वस्ती अगदी विरळ. तिथे रेडिओचा अर्थ वेगळा होतो.

तिच्या नावाशी आणखी एक गाणं जोडलं गेलं: अमेरिकेचं राष्ट्रगीत, नवाहो भाषेत. मैदानांवर, समारंभांत ती ते गात आली आहे. ऐकताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं आणि तेच बरं आहे. ज्या झेंड्याचं ते गीत, त्याच झेंड्याखालच्या सैन्याने 1864 मध्ये दिने लोकांची पिकं जाळून, फळबागा तोडून, आठ हजारांहून अधिक माणसांना शेकडो मैल पायी हाकलत फोर्ट समनरच्या छावणीत नेलं. दोन हजारांवर माणसं दगावली. 1 जून 1868 च्या तहाने उरलेले घरी परतले. त्या परतीचं म्हणून सांगितलं जाणारं गाणं आजही शाळांतून मुलं म्हणतात. पुढे त्याच सरकारच्या निवासी शाळांत मुलांनी नवाहो शब्द उच्चारला की तोंडात साबण कोंबायचे. आणि 1942 मध्ये, जपानी सैन्याला उकलता न येणारी सांकेतिक भाषा हवी झाली तेव्हा त्याच शाळांतून निघालेल्या एकोणतीस तरुणांना नौसैनिकी दलाने बोलावलं, की बाबांनो, तुमची ती भाषा जरा द्या. राष्ट्रगीत त्या भाषेत गायलं जातं तेव्हा कोण कोणाला मानवंदना देतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मैदानात बसलेले म्हातारे माजी सैनिक मात्र ताठ उभे राहतात.

आता अवघड भागाकडे येतो. तो टाळला असता तर बरं झालं असतं, असं काहींना वाटेल. तिला तसं वाटलं नाही, म्हणून मीही टाळत नाही.

दोन ध्वनिमुद्रणं येऊन नाव झालं होतं, आणि त्याच काळात तिचा जोडीदार अमली पदार्थांच्या व्यापारात होता. तो तिला मारहाण करत होता, हे तिने नंतर जाहीरपणे सांगितलं. त्याच्या गुन्ह्याची माहिती दडवल्याचा आरोप तिने न्यायालयात कबूल केला आणि 2003 मध्ये तिला केंद्रीय तुरुंगात जावं लागलं. पूर्वीची मिस नवाहो कैदी म्हणून. 1997 मध्ये ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांना आता आपण बरोबर होतो असं वाटलं असेल, तर नवल नाही.

सुटून आल्यावर तिच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प राहून गाणं चालू ठेवायचं, किंवा गाणं बाजूला ठेवायचं. तिने तिसरंच केलं. 2005 मध्ये ‘स्पिरिट ऑफ अ वुमन’ काढला आणि जिथे गायला बोलावलं तिथे मारहाणीबद्दल बोलायला लागली: शाळांत, महाविद्यालयांत, समाजमंदिरांत. ‘स्ट्राँग स्पिरिट’ नावाची मोहीम तिने चालवली. अँजेला वेब यांचा ‘हिअरिंग रॅडमिला’ हा माहितीपट 2010 मध्ये आला. त्यात वंशाचा वाद, मारहाण, तुरुंग आणि गाणं एकाच गोष्टीत येतात.

मारहाणीचा हा प्रश्न केवढा आहे, ते एका आकड्याने सांगतो. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने 2016 मध्ये मांडलेल्या पाहणीत मूळनिवासी स्त्रियांपैकी दर पाचात चारांहून अधिक जणींनी आयुष्यात कधी ना कधी हिंसा सोसलेली होती. त्यात कायद्याची एक विचित्र गाठ आहे. 1978 च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, जमातीच्या न्यायालयाला जमातीबाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे बाहेरचा माणूस जमातीच्या भूमीवर राहून बायकोला मारायचा, आणि तिथलं न्यायालय त्याला हात लावू शकत नव्हतं. घरगुती हिंसेपुरता हा अधिकार काही अंशी परत मिळाला तो 2013 मध्ये. पस्तीस वर्षं.

पण रॅडमिला कायद्याची भाषा फारशी बोलत नाही. ती ‘के’ची भाषा बोलते. ज्या समाजात घर, मेंढ्या आणि कुळ बाईकडून चालतं, जिथे रीतीप्रमाणे नवरा बायकोच्या घरी राहायला यायचा, तिथे बाईला मारणं ‘परंपरेत बसतं’ असं कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी आपली चार कुळं सांगून दाखवावीत, अशा धाटणीचा तिचा युक्तिवाद असतो. इथे मला धागा दिसतो. रंगावरून तिला बाहेर काढणारे आणि बाईला मारणारे, दोघेही वारशाचं नाव घेतात. दोघांनाही ती त्याच वारशातलं एक जुनं, आजीकडून आलेलं कलम काढून दाखवते. समाजकार्य आणि वारसा असे दोन कप्पे तिच्या गाण्यात करता येत नाहीत, ते एवढ्यासाठी.

तिच्या पिढीत सगळ्यांनी हीच वाट धरली असं नाही. फ्लॅगस्टाफमध्ये क्ली बेनाली आणि त्याच्या भावंडांनी 1989 मध्ये ‘ब्लॅकफायर’ नावाचा पंक वाद्यवृंद काढला. वडील पारंपरिक वैद्य, आणि मुलं कर्कश गिटारवर विस्थापनाविरुद्ध गाणारी. त्याच सान फ्रान्सिस्को शिखरांवर, जी ग्रँड फॉल्सहून दिसतात, बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी सांडपाण्यावर प्रक्रिया करून कृत्रिम बर्फ पाडायचं ठरलं. जमाती न्यायालयात गेल्या आणि 2008 मध्ये हरल्या. क्ली शेवटपर्यंत त्याविरुद्ध उभा राहिला. 2023 च्या डिसेंबरात तो गेला. त्याच्या गाण्यात किंकाळी आहे, रॅडमिलाच्या गाण्यात अंगाईचा सूर. पर्वत एकच.

मानमरातबाबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने 2010 च्या सुमारास जगभरातल्या पन्नास थोर आवाजांची मालिका केली. त्यात आपल्या आशा भोसले होत्या, आणि रॅडमिला कोडीही. 2012 मध्ये ‘शि केया’ आला, म्हणजे ‘माझी भूमी’. ग्रॅमीसाठी त्याचं नामांकन झालं. त्याच्या आदल्याच वर्षी ग्रॅमीवाल्यांनी मूळनिवासी संगीताचा स्वतंत्र विभाग बंद केला होता आणि हवाई बेटांचं संगीत, लुइझियानाचं केजन, पोल्का या सगळ्यांना एकाच ‘प्रादेशिक’ टोपलीत घातलं होतं. पारितोषिक केजन वाद्यवृंदाला मिळालं. त्याचं मला वाईट वाटत नाही, केजन संगीतही सुंदर असतं. गंमत वाटते ती ‘प्रादेशिक’ या शब्दाची. कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून त्या भूमीवर गायली जाणारी भाषा प्रादेशिक, आणि बाकीचं राष्ट्रीय.

शेवटी कुळांकडे परत येतो, कारण तिचा कार्यक्रमही तिथूनच सुरू होतो. दिने भाषेत आईचं कुळ सांगताना ‘मी अमुक आहे’ असं म्हणतात. वडिलांचं कुळ सांगताना क्रियापद बदलतं: ‘अमुकांसाठी मी जन्मले.’ मंचावर आली की रॅडमिला आधी नाव सांगते. मग म्हणते, मी त्लाश्ची आहे. आणि मग, आवाज जराही खाली न आणता, नाकाई लिझिनी लोकांसाठी मी जन्मले. समोर म्हातारी माणसं असतात, त्यांच्यापैकी काहींनी कदाचित तेव्हा पत्रंही लिहिली असतील. ती माना डोलावतात, मनातल्या मनात नातं लावतात: म्हणजे ही आपली भाची लागली की नात. तेवढा वेळ ती थांबते, आणि मग ढोलकावर हात पडतो.